उलटा तीन आणि डावा हात

पत्र

ताई, आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीत. शाळेतून रोज चार रेघी वहीत दोन पानं लेसन येतं. तो पेन्सिल मुठीत धरतो, इतकी दाबतो की कागद फाटतो आणि अर्ध्या पानात रडायला लागतो. ३ नेहमी उलटा काढतो. जेवणं, चेंडू फेकणं, लिहिणं सगळं डाव्या हातानं; सासूबाई पेन्सिल काढून उजव्या हातात देतात. त्यांचं म्हणणं, 'अ आ इ' आत्ताच गिरवून घ्या, पुढे गुजराती सुरू झालं की मराठी राहूनच जाईल. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी ए ते झेड न बघता लिहून दाखवते. मी रोज संध्याकाळी त्याला घेऊन तासभर बसते आणि शेवटी दोघंही रडतो. मी काय करू?
— एक आई, मांजलपूर

उत्तर

नमस्कार.

सगळ्यात आधी तो संध्याकाळचा तास बंद करा. कमी करा असं म्हणत नाही, बंदच करा, निदान महिनाभर. रोज रडून संपणाऱ्या तासातून त्याच्या हाती एकच गोष्ट लागते आहे, ती म्हणजे वही दिसली की पोटात गोळा येणं. शाळेला काय सांगायचं ते पुढे सांगते.

तुमचे प्रश्न तुम्हाला एकमेकांत गुंतलेले वाटतात, म्हणून ते फार मोठे दिसतात. मला त्यात खऱ्या अर्थानं दोनच दिसतात. त्याचा हात अजून पेन्सिलीसाठी तयार नाही, हा एक. आणि लिहिण्यासारखं काही आपल्याजवळ आहे, हे त्याला अजून कळलेलंच नाही, हा दुसरा. उलटा तीन, डावा हात, समोरची मुलगी ही या दोहोंपुढे किरकोळ प्रकरणं आहेत.

हातापासून सुरुवात करू. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. पुढच्या कित्येक वर्षांत ती एकेक करून घट्ट होत जातात, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये त्यातली साधारण निम्मीच दिसतात. तळहातातले आणि अंगठ्याच्या बुडाचे बारीक स्नायूही तेवढेच कच्चे असतात. मूल पेन्सिल आधी मुठीत धरतं, मग सगळी बोटं खाली वळवून, मग चार बोटांनी, आणि साधारण पाच-सहाव्या वर्षी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी पकड बसते. पावणेपाचला अजून पूर्ण मूठ आहे याचा अर्थ मी एवढाच घेते की त्याच्या बोटांना घरात काम कमी पडलं आहे. त्याला पेन्सिल कशी धरायची हे दिवसातून वीस वेळा सांगितल्यानं ती धरली जाणार नाही. बोटांना काम द्या.

आकारांचंही तसंच आहे. उभी रेघ आणि गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतात. अधिकचं चिन्ह चारच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, आणि तिरप्या रेघांची फुली पाचच्या आसपास. त्रिकोण त्याच्याही नंतर. आता शाळेत पहिलं अक्षर कोणतं शिकवतात? 'ए'. दोन तिरप्या रेघा आणि वर टोक, म्हणजे त्रिकोणच. मग 'के', 'एम', 'एक्स'. ज्याला फुली काढता येत नाही त्याच्याकडून 'एक्स'ची ओळभर पुनरावृत्ती मागायची आणि तो आळशी आहे म्हणायचं! आज त्याला सहज, खेळता खेळता अधिक, चौकोन आणि फुली काढायला सांगा. तुम्ही काढून दाखवा आणि त्याला तसंच काढू द्या. जिथे तो अडेल तिथून पुढचं अक्षर सध्या मागू नका.

बोटांच्या कामासाठी काही विकत आणायची गरज नाही. सध्याचे दिवस तर त्याला फारच चांगले आहेत. हिवाळ्यात बडोद्यात प्रत्येक स्वयंपाकघरात लिलव्याचा, म्हणजे ओल्या शेंगांचा, आणि वाटाण्याचा ढीग पडतो. सोलायला त्याला बसवा, आजीच्या शेजारी. शेंगेच्या शिवणीत अंगठ्याचं नख घालून ती उघडणं आणि एकेक दाणा दोन बोटांनी काढणं, पेन्सिलीला हीच पकड लागते. कणकेच्या गोळ्या, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे, लिंबू पिळणं, आजीच्या गजऱ्यात फुलं ओवणं, शर्टाची बटणं स्वतः लावणं. उत्तरायण झालं की गच्चीवर फाटके पतंग उरतात. ते गुंदरपट्टीचे, म्हणजे डिंकाच्या कागदी पट्टीचे, बारीक तुकडे बोटांनी फाडून जोडायला द्या. मांजा मात्र आधी सगळा काढून टाका, एक वीतही ठेवू नका.

लिहायचं साधनही बदला. लांब पेन्सिल मुठीत मावते, म्हणून ती मुठीत जाते. मेणाचा खडू मोडून बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा करा. तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. खडू मोडताना आईलाच वाईट वाटतं, मुलाला वाटत नाही. दुसरं, कागद टेबलावरून उचलून दाराला किंवा भिंतीला चिकटवा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्यानं भिंतीवर चित्र काढताना मनगट आपोआप मागे झुकतं आणि बोटं मोकळी होतात. दुपारी गॅलरीच्या भिंतीवर ब्रश आणि वाटीभर पाणी द्या. ऊन आहे तोवर तो कितीही काढेल आणि पुसायचं कामही नाही. टेबलावर बसलाच तर पाय लोंबकळता कामा नयेत. पायाखाली पाट ठेवा, किंवा सरळ जमिनीवर बसवून पुढ्यात बैठं मेज द्या.

दाबून लिहिण्यावर एक युक्ती. कार्बन पेपर अजून मिळतो. रावपुऱ्यात स्टेशनरीच्या दुकानात विचारा. दोन कागदांमध्ये तो ठेवून त्याला चित्र काढायला सांगा आणि खालच्या कागदावर किती उमटलं ते दोघं मिळून बघा. मग म्हणा, आता असं काढ की खाली काहीच उमटू नये. 'हळू लिही' हे शंभर वेळा सांगून जे होत नाही ते या खेळात होतं, कारण दाब म्हणजे काय ते त्याला डोळ्यांनी दिसतं. स्केचपेनही चांगलं, त्याला दाब लागतच नाही. मोबाइलवरच्या अक्षरं गिरवायच्या खेळांचं मला फारसं कौतुक नाही. काचेवर बोट घसरतं, हाताला विरोध मिळत नाही, आणि अक्षर चुकलं तरी टाळ्या वाजतात.

आता दुसरी गोष्ट, जी मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. आपण मुलाला अक्षरं काढायला लावतो, पण अक्षरं कशाला असतात हे दाखवत नाही. तुमच्या लेकाच्या दृष्टीनं 'सी' चाळीस वेळा काढायचा, का तर शाळेत तारा मिळतो. घरात मोठं माणूस काहीतरी कामासाठी लिहितंय असं तो दिवसातून किती वेळा बघतो? वाण्याची यादी आपण फोनवर बोलतो, पत्रं संपली, हिशेब फोनमध्ये. त्याला लिहिणं दिसतच नाही, फक्त लेसन दिसतं.

इथे सासूबाईंना कामाला लावा. त्यांना गिरवून घ्यायची हौस आहे. त्याऐवजी लेखनिक व्हायला सांगा. तुमचा मुलगा बोलेल आणि आजी लिहील. त्यानं चित्र काढलं की त्या विचारतील, "हे काय काढलंस रे?" तो म्हणेल, "कमाटीबागेतली ट्रेन आहे, आणि हा वाघ तिकीट काढतोय." आजीनं चित्राखाली तेच, त्याच्याच शब्दांत, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहायचं. सुधारायचं नाही. तो "वाघला तिकीट पायजे" म्हणाला तर तेच लिहायचं. मग शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचं. आपण बोललो ते कागदावर राहतं, आणि आजीच्या जागी आईनं वाचलं तरी तेच निघतं, हे मुलाला पहिल्यांदा कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. थोड्याच दिवसांत तो पेन्सिल ओढून घेऊन म्हणेल, "मी लिहितो." ते गिचमीड असेल. त्याला "हे काय लिहिलंस, वाचून दाखव" म्हणा आणि तो वाचेल ते मनापासून ऐका. रेघांचं ते जाळं मला चार रेघी वहीतल्या सरळ 'ए'पेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात त्याला काहीतरी म्हणायचं असतं.

कामाच्या चिठ्ठ्याही सांगायला लावा. रविवारी सेव-उसळ आणायची असेल तर किती पुडे, पाव किती, तर्री जास्त की कमी, हे तो सांगेल, आजी लिहील, आणि चिठ्ठी खिशात घालून बाबांबरोबर तोच जाईल. नागपूरच्या मावशीला किंवा पुण्याच्या आजोबांना पोस्टकार्ड पाठवा. कार्डावर शेवटी त्याची एक खूण, एखादं अक्षर असू दे.

ही माझ्या डोक्यातून निघालेली नवी टूम नाही. आपल्या गुजरातेतच भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, आणि तिथे त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या त्या ताराबाई मोडक, आपल्या मराठी बाई. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि पुढे ताराबाईंनी बोर्डीला आणि कोसबाडला बालवाड्या चालवल्या. रोमला १९०७ मध्ये मारिया माँटेसोरी यांनी पहिलं बालघर उघडलं, त्यांचा या मंडळींवर प्रभाव होता. माँटेसोरी यांच्या बालघरात मुलं आधी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत, सुट्या अक्षरांनी शब्द जुळवत, आणि त्यातली चार-पाच वर्षांची कितीतरी मुलं एक दिवस आपण होऊन खडू उचलून लिहायला लागत. हाताची तयारी वेगळी आणि शब्द जुळवणं वेगळं. दोन्ही वेगवेगळं झालं की मग ती एकत्र येतात. शंभर वर्षं झाली, तरी आपल्या शाळा पहिल्याच महिन्यात वही उघडतात.

आणखी मागे जायचं तर आपले सयाजीराव महाराज. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होत असे. पण सक्तीचं वय सुरू होत होतं सातव्या वर्षी. दंड करणाऱ्या महाराजांनाही पावणेपाच वर्षांच्या पोरानं दोन पानं लिहावीत असं वाटलं नव्हतं!

तर सुट्या अक्षरांकडे येऊ. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक अक्षर, हाताच्या तळव्याएवढं. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी मुळीच नकोत. मराठीत कान्यामात्रेशिवायचे शब्द भरपूर आहेत, तिथून सुरू करा. घर, नळ, मग, बदक, कमळ, फणस, गवत. तो जमिनीवर चिठ्ठ्या लावून शब्द करेल, हातानं लिहायची अट नाही. हे जमलं की काना: बाबा, मामा, काका, नाना. पहिल्या वेलांटीला थांबा. 'कि' म्हणताना आवाज आधी 'क'चा येतो, पण वेलांटी 'क'च्या आधी काढायची असते. मुलं ती हमखास उजवीकडे ठेवतात आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते, कानाला जे ऐकू येतं तेच ती करतात. म्हणून दुसरी वेलांटी आणि उकार आधी घ्या, पहिली वेलांटी सवडीनं.

पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव, हे तुम्हाला कोणीही सांगेल. पण तुमच्या लेकाच्या नावात रफार आहे. हल्लीच्या नावांचं हेच दुखणं आहे. आईबाप पाळण्याच्या वेळी जोडाक्षरं शोधतात आणि पाच वर्षांनी ती पोराच्या बोटांवर येतात. घरात त्याला ज्या दोन अक्षरी नावानं हाक मारता ते आधी शिकवा. पूर्ण नाव दारावर, डब्यावर, चपलांच्या फळीवर लिहून लावा; त्याला ते ओळखता आलं तरी सध्या पुष्कळ झालं.

गिरवण्याबद्दल सासूबाईंशी थोडं बोलावं लागेल. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवताना मूल अक्षर काढत नाही, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जातं. कुठून सुरू करायचं आणि कुठे वळायचं हे त्यात शिकलं जात नाही. त्यांच्या सासूसासऱ्यांच्या काळातली धूळपाटी याहून बरी होती. ताटात रवा पसरा, आजी मोठं 'ग' बोटानं काढतील, तो बघेल, ताट हलवून पुसलं की तो काढेल. चुकलं तरी खोडरबर लागत नाही. आणि खोडरबर घरातून काही दिवस नाहीसाच करा. जी मुलं सारखी खोडतात त्यांची सगळी शक्ती खोडण्यात जाते.

सासूबाईंची मराठीबद्दलची काळजी मात्र खरी आहे आणि मला ती पटते. गुजरातेत २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे इंग्रजी माध्यमातही ते येणारच. म्हणून घरचं मराठी घरातच सांभाळावं लागेल. पण त्यासाठी आज 'अ आ इ'ची वही लागत नाही. आजीच्या गोष्टी, चित्राखालची त्याची वाक्यं आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या एवढ्यानं मराठी रोज त्याच्या डोळ्यांसमोर राहतं. अक्षरांची निवडही अशी करा की पुढचं गुजराती सोपं जाईल. ग, म, न, त, प, व, र, घ, ट, ड, स ही अक्षरं शिरोरेघ काढून टाकली की गुजरातीत जवळजवळ तशीच राहतात. आपल्या शिक्षिका 'ग म भ न' असा आकारांचा क्रम घेतात, त्यात यातली पुष्कळशी येतात. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ ही दोन्हीकडे वेगळी दिसतात. ती मराठीत पक्की झाल्याखेरीज गुजरातीत दाखवायची घाई घरी कोणी करू नये. आकड्यांत एक गंमत लक्षात ठेवा: गुजराती पाच हा शिरोरेघेशिवायच्या 'प'सारखा दिसतो. पुढे वर्गात त्यानं पाचाला 'प' म्हटलं तर त्याला वेड्यात काढू नका, त्याचं बरोबर आहे.

शिरोरेघ अक्षर झालं की लगेच काढायची नाही. सगळा शब्द लिहून झाला की वरून एकच रेघ, शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शब्द कुठे संपतो हे त्या रेघेनं कळतं. सहा वर्षांपर्यंत ती राहून गेली तरी काही बिघडत नाही.

उलटा तीन. कप टेबलावर असा ठेवा की तसा ठेवा, कान डावीकडे असो की उजवीकडे, तो कपच असतो, हे तुमच्या मुलानं दीड वर्षाचा असताना शिकून ठेवलं आहे. अक्षरं आणि आकडे या जगातल्या पहिल्या अशा वस्तू की ज्या फिरवल्या की त्यांचं नाव बदलतं. ३ फिरवला की ६ सारखा दिसतो, इंग्रजीत 'बी' फिरवला की 'डी'. मेंदूला हे नवं आहे आणि सात वर्षांपर्यंत बरीच मुलं अधूनमधून अशी आरशातली अक्षरं काढतात. चूक दाखवू नका, पुढच्या वेळी रव्यात ३ काढताना तोंडानं म्हणा, "वरून सुरू, उजवीकडे पोट, परत, पुन्हा पोट." दिशा शब्दांनी बसते. दुसरी संपत आली तरी उलटं लिहिणं सुटलं नाही आणि सोबत वाचायलाही फार अडखळतोय, असं असेल तेव्हा तपासणीचं बघू.

डाव्या हाताबद्दल मी सासूबाईंना सरळच सांगते: पेन्सिल काढून घेऊ नका. दहांतलं साधारण एक माणूस डावखुरं असतं. जेवण, चेंडू, पेन्सिल सगळं डाव्यानं करतो म्हणजे त्याचा हात ठरला आहे. उजव्यानं लिहायला लावलं तर जो हात तयार नाही त्यालाच आपण काम देतो, आणि मुठीची पकड, दाब, रडणं यात भर पडते. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा हे आजीनं शिकवावं, त्याला माझी ना नाही. देवघरातला नियम देवघरात.

डावखुऱ्या मुलाला चार सोयी लागतात. वही शरीराच्या मधोमध न ठेवता थोडी डावीकडे, आणि तिचा वरचा भाग उजवीकडे कललेला. पेन्सिल टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही आणि मनगट वाकडं करून लिहायची खोड लागत नाही. उजेड उजवीकडून. बाकावर डाव्या टोकाला जागा, नाहीतर त्याचं कोपर शेजारच्याच्या कोपराला लागणार आणि भांडण होणार. शिरोरेघ त्याला उजवीकडून डावीकडे ओढणं सोपं वाटेल, ओढू द्या. कात्री डावखुऱ्यांची वेगळी मिळते, ती घ्या.

समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीविषयी मला काही म्हणायचं नाही. ती लिहिते, छान आहे. तुमच्या मुलाला तिची वही दाखवू नका, एवढंच.

आता शाळा. गुजरातेत जून २०२३ पासून पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात, म्हणजे तुमच्या मुलाच्या हातात पहिलीआधी पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंतचा वेळ आहे. केंद्राच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकण्याचा आहे. त्याच वर्षीच्या शालेय दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असंच म्हटलंय. हे कागद टीचरच्या टेबलावर आपटू नका; चाळीस मुलांचा वर्ग तिच्याकडे असतो आणि वहीची पानं बहुधा तिलाही वरून ठरवून आलेली असतात. भेटून सांगा, नाहीतर डायरीत चार ओळी लिहा: "घरी तो रोज थोडा वेळ बोटांची कामं आणि चित्रं करतो आहे. महिनाभर लेसनची पानं पूर्ण होणार नाहीत, जमेल ती एक ओळ तो करेल. तारा नाही मिळाला तरी चालेल. पेन्सिल कृपया डाव्या हातातच राहू द्यावी." बहुतेक टीचर ऐकतात. एखादी ऐकणार नाही, तेव्हा ती एक ओळ करून घ्या, आणि त्या ओळीतलं सगळ्यात छान अक्षर कोणतं हे तुम्ही ठरवू नका, त्याला शोधून त्याभोवती गोल काढायला सांगा. लहान मुलं यात आश्चर्य वाटावं इतकी प्रामाणिक असतात.

रोजचा वेळ दहा मिनिटं, आणि तो दमायच्या आधी तुम्हीच उठा. संध्याकाळी नको; शाळेतून आल्यावर खेळून, खाऊन झालं की किंवा सकाळी. एखाद्या दिवशी काहीच झालं नाही तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं करायची नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जायचं? तीन-चार महिने बोटांची कामं करूनही पकड मुठीतच राहिली, सहा वर्षं होत आली तरी फुली आणि चौकोन जमत नाही, बटणं लागत नाहीत, थोडं लिहिलं की हात दुखतो म्हणतो, किंवा वही नाकाला लावतो, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताची रोजची कामं शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवतील. डोळे मात्र पहिलीत जायच्या आधी एकदा तपासूनच घ्या, तक्रार असो वा नसो.

ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय, पाटी दगडी घ्यावी की प्लॅस्टिकची. दगडी घ्या, लाकडी चौकटीची. पेनाला तिच्यावर थोडा अडसर मिळतो, रेघ किती ओढली ते हाताला कळतं. प्लॅस्टिकवर पेन निसटतं. पडून फुटायची भीती असेल तर जाड पुठ्ठा काळा रंगवूनही चालतो. दसऱ्याला त्याच पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायला शिकवा. आणि तो पेन चघळतो का याकडे लक्ष ठेवा. कधीतरी चाखलं तर सोडून द्या, पण रोज खात असेल तर ओरडण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. अंगात लोह कमी असलेली मुलं माती, खडू, पेन खातात, आणि ते साध्या रक्त तपासणीत कळतं.